शनिवारचं तेल

नागपुरात मोटारींचा शौक असलेली जी जुनी माणसं अजून हयात आहेत, त्यांच्यातल्या एखाद्याला तो अपघात आठवत असेल. हिरवी, दोन माणसांची उघडी गाडी, मैदानाच्या टोकाला उलटली आणि तिच्याखाली एका मिस्त्रीचा उजवा हात गेला. ज्यांना हे आठवतं, त्यांना पुढचंही आठवत असेल: मिस्त्रीने ब्रेकच्या तेलात चूक केली होती, गाडीवाला नशिबाने वाचला.

तो गाडीवाला मी. मिस्त्रीने चूक केली नव्हती. हे मला त्या दिवसापासून माहीत आहे.

लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट आहे. आमची लाकडाची वखार होती. वडील वारल्यावर मोठ्या भावाने माझा वाटा पैशांत देऊन मला मोकळं केलं. मी तेवीस वर्षांचा होतो. रसायनशास्त्र घेऊन इंटर झालो होतो आणि पुढे कॉलेज सोडलं होतं. कामठीच्या छावणीतला एक गोरा अफसर विलायतेला परत चालला होता, त्याची गाडी विकायची होती. लांब नाक, तारांची चाकं, बॉनेटवर चामड्याचा पट्टा. हिरवा रंग उन्हाने मेला होता आणि गादीतून काथ्या बाहेर आला होता. मी ती एका दुपारात घेतली. वाटा मिळाला तो तिच्यात गेला.

गाडी दारात उभी केली तेव्हा आई ओसरीवरून उतरली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "दोघंच बसतीन? मंग घरच्या बाकी माणसाइनं मागून पळावं का गा?"

भाऊ म्हणाला, "याच्यात सागाची एक फळी तरी मावते का ते सांग."

त्या दोघांना मी काय सांगणार? मला एकच कळत होतं, की तिसरा गिअर टाकून पाय दाबला की छातीत काहीतरी मोठं होतं आणि मी वखारीतला धाकटा राहत नाही.

पण गाडी जुनी होती. पंधरा दिवसांत ती सीताबर्डीच्या भर बाजारात वाफ सोडून उभी राहिली. बघ्यांनी वेढा घातला. "चहा होऊन राहिला वाटते," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. त्या गर्दीतून एक काळासावळा, चाळिशीचा माणूस पुढे आला. हातात वीतभर सागाची काडी. त्याने कोणाला काही विचारलं नाही. काडीचं एक टोक इंजिनावर ठेवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"चालू करा, बाबूजी."

चालू केली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पाण्याचा पंप रडून राहिला. बाकी पोरगी चांगली हाय. हिले आजवर कोणी ऐकलं नाई, एवढंच."

तो मिस्त्री. पारशिवनीकडचा लोहार, सदरमधल्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला होता. वर्कशॉपच्या मालकाचा त्याच्यावर एवढा भरवसा की साहेबलोकांच्या गाड्या दुसऱ्या कोणाच्या हातात तो देत नसे. त्या दिवसापासून दर रविवारी मिस्त्री आमच्या घरामागच्या छपरात येऊ लागला. पैशांचा विषय तो काढायचा नाही. त्याला अशी गाडी हाताखाली पाहिजे होती, आणि मला असा माणूस.

त्या उन्हाळ्यात आम्ही तिला जवळजवळ नव्याने बांधलं. इंजिनाचं वरचं डोकं काढून त्याने ते काचेवर घासून घासून पातळ केलं, म्हणजे आतला दाब वाढतो. मोडीत निघालेल्या एका गाडीचं कार्बुरेटर आणून पहिल्याच्या शेजारी बसवलं. पाट्यांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या होत्या. त्यांना ओल्या अंबाडीची दोरी इतकी घट्ट गुंडाळली की वाळल्यावर त्या लाकडासारख्या टणक झाल्या. वजन कमी करायला मडगार्ड, पुढची काच, डोक्यावरचं कापडी छप्पर, सगळं उतरवलं. छपराच्या कापडावर आईने मिरच्या वाळत घातल्या. "एवढ्या खटाटोपातून घरच्या कामाचं एक तरी निघालं," ती म्हणाली.

मी घाई करायचो. वेग वाढला की मला आणखी वेग पाहिजे असायचा. मिस्त्री दर वेळी ब्रेकपाशी थांबायचा. या गाडीचे ब्रेक तेलाचे होते. पायाने दाबलं की तेल बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे जातं आणि ब्रेक आवळतात. त्यासाठीचं तेल डब्यात येई, मुंबईहून, आणि आलं तर येई. मिस्त्रीला त्याची सोय ठाऊक होती. अर्धं एरंडेल, अर्धं चांगलं स्पिरिट.

त्याने मला ते करूनही दाखवलं होतं. काचेच्या बाटलीत दोन्ही ओतलं, एकदा हलवलं आणि उजेडात धरलं. पाणी वाटावं इतकं स्वच्छ.

"पहा. दुसरं कोणतंच तेल स्पिरिटाशी असा संसार करत नाई. करडी घाला, जवस घाला, तीळ घाला, थोड्या वेळानं भांडून वेगळं होते. एरंडेलच पाह्यजे."

मी हसून म्हणालो, "मिस्त्री, हे मी कॉलेजात शिकलोय."

"शिकले ना? मंग आपलं जमलं."

तेव्हाही मी हुशारी मिरवायचो, विशेषतः त्याच्यासमोर. एकदा बोलता बोलता मी म्हणालो की आमच्याकडे शनिवारी तेल आणि लोखंड विकत घेत नाहीत, केवढा अडाणीपणा. मिस्त्री पोट धरून हसला होता. "लोहारानं शनिवारी लोखंड सोडलं तर खावं काय, बाबूजी? माझ्या बापानं शनिच्या नाकावर भाता चालवला." मीही त्याच्याबरोबर हसलो होतो. ते हसणं पुढे माझ्या गळ्यात अडकलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता जिथे नंदनवनची घरं आहेत त्या बाजूला तेव्हा पडीक जमीन होती. सकाळी सकाळी आम्ही तिथे चुन्याने मोठं लांबट वर्तुळ आखून गाडी पळवायचो. मी चालवायचो, मिस्त्री शेजारी. वळणावर तो अर्ध्या अंगाने बाहेर लटकायचा, आतल्या चाकावर वजन पडावं म्हणून. उजवं वळण असलं की तो माझ्या पाठीमागून माझ्या बाजूला झुकायचा, डावं असलं की तो मला दिसायचाच नाही, नुसता त्याचा आवाज यायचा. "आता... आता... सोडा." मातीवर मागची चाकं सरकायची, धूळ तोंडात जायची, आणि त्याने "सोडा" म्हटलं त्या क्षणी पाय सोडला की गाडी आपणहून सरळ व्हायची. मला आयुष्यात कोणी इतक्या बरोबर वेळेला काही सांगितलेलं नाही.

हिवाळ्यात एका क्लबाने मोटारींच्या शर्यती ठेवल्या. मैदानावर चुन्याने आखलेला, निशाणं लावलेला मार्ग, दहा फेऱ्या. बाकीच्या गाड्या गोऱ्यांच्या आणि दोन-तीन बड्या घरच्या. मी नाव दिलं. घरी भाऊ म्हणाला, "हरलास तर ती भंगारात घाल आणि वखारीत हिशेब लिहायला ये." तो चेष्टेत म्हणाला असेल. मी ते चेष्टेत घेतलं नाही.

शर्यत रविवारी होती. शनिवारी सकाळच्या सरावात एका चाकाकडून तेल गळताना दिसलं. गाडी वर्कशॉपमध्ये नेऊन मिस्त्रीने चाक उतरवलं. आतली रबराची वाटी चिरली होती. तिथेच एक नवी मिळाली, ती बसवायची तर सगळं तेल काढून नवं भरावं लागणार होतं. तयार तेल संपलं होतं. स्पिरिट वर्कशॉपमध्ये होतं, एरंडेल नव्हतं.

मिस्त्री गाडीखाली पाठीवर पडून होता. तिथूनच म्हणाला, "बाबूजी, स्पिरिटाची बाटली घेऊन जा. तेल्याकडून एरंडेल घ्या, अर्धं अर्धं करा अन् चार वाजेपर्यंत आणा. माझे हात खाली नाई. तुमाले येते ते."

मी तेल्याच्या दुकानी गेलो. पायरीवर उभा राहिलो. तेल्याने वर पाहिलं आणि ओळखीचं हसला. "काय पाह्यजे, भाऊ? देवाले घालाले का घरी न्याले?"

शनिवारी मारुतीला तेल घालायला नेलं तर चालतं, घरी न्यायला चालत नाही. तो रीतीप्रमाणे विचारत होता, आणि मी नुसतं "देवाला" म्हटलं असतं तरी त्याने मापून दिलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर सकाळची आई आली. ती कधी कोणाच्या पाया पडायची नाही. त्या दिवशी तिने माझे हात धरले होते आणि म्हणाली होती, "उद्या तू त्या मढ्यात बसून राहिला. मी अडवत नाई. पण आज शनिवार आहे रे बाबा. तेल आणू नको, लोखंड आणू नको. एवढं ऐक मायचं."

मी तेल्याला म्हणालो, "काही नको," आणि खाली उतरलो.

इंटर सायन्स झालेला माणूस. मला खरोखर भीती वाटली होती. उद्या वळणावर काही झालं तर ते या तेलाने झालं, असं वाटत राहील, आणि तसं वाटणारा हात सुकाणूवर थरथरेल. हे मी मिस्त्रीला सांगू शकत होतो. तो हसला असता, शिव्या दिल्या असत्या, स्वतः उठून तेल घेऊन आला असता. त्याच्यासमोर मी ज्या गोष्टीला हसलो होतो तिलाच भ्यालो, हे मला सांगवेना.

घरी एरंडेल होतं. आईच्या औषधाच्या फळीवर, जेमतेम दोन चमचे. आणि चुलीजवळच्या बरणीत जवसाचं तेल भरलेलं होतं, आमच्याकडे चटणीला वापरायचे ते. मी बरणी उचलली. मला माहीत होतं. मिस्त्रीने सांगितलं होतं आणि पुस्तकातही वाचलं होतं. तरी मी स्वतःला म्हणालो, तेल ते तेल, एक दिवसाचा प्रश्न आहे.

बाटलीत ओतलं. हलवलं. पांढरट झालं. खाली ठेवलं आणि पाहत बसलो. थोड्याच वेळात वर स्पिरिट, खाली पिवळं तेल, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ.

ती रेघ मी पाहिली. इथपर्यंतची प्रत्येक गोष्ट भीतीने केली असं म्हणता येईल. पुढची नाही.

वर्कशॉपच्या दाराशी पोचल्यावर मी थांबलो आणि बाटली जोरजोराने हलवली. रेघ मोडेपर्यंत हलवली. मग आत गेलो.

मिस्त्रीने बाटली घेतली, उजेडात धरली. "दुधासारखं काहून दिसून राहिलं?"

"सायकलवर हिंदकळत आलंय. फेस आहे."

"एरंडेलच ना?"

"हो."

त्याने नाक लावलं. स्पिरिटाच्या वासापुढे दुसरा वास येत नव्हता. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाला, "तुमी सायन्सवाले. मी कोण बोलणारा." आणि ओतलं. मग मला गाडीत बसवून तो एकेका चाकाशी गेला. "दाबा. धरून ठेवा. सोडा. दाबा." नळ्यांतली हवा निघून गेली. पायाखाली ब्रेक दगडासारखा लागत होता. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे सांगायला लाज वाटते.

रविवारी आई देवघरातून बाहेर आली नाही. भाऊ मैदानावर आला होता, दोरीच्या पलीकडे हाताची घडी घालून उभा.

पहिल्या चार फेऱ्या आम्ही तिसरे होतो. पाचव्या फेरीत एका गोऱ्याला मागे टाकलं. मिस्त्री लटकल्या लटकल्या ओरडला, "पळते, बाबूजी, पळते! हिले कोणी म्हातारी म्हणा आता!" मी हसत होतो. तोंडात धूळ होती आणि मी हसत होतो. दर वळणाआधी मी ब्रेक जोराने दाबत होतो, कारण सरळ भागात आम्ही कधी नव्हे इतके वेगात येत होतो. चाकं तापली होती. तापलेल्या चाकांजवळच्या नळ्यांत आता एकजीव मिश्रण नव्हतं. वेगळं झालेलं स्पिरिट उकळून नळ्यांत वाफ धरत होती, आणि वाफेवर ब्रेक आवळत नाहीत. ते मला नंतर कळलं असं मी खूप जणांना सांगितलं असतं, पण पायडल जेव्हा सातव्या फेरीत थोडं मऊ लागलं, तेव्हाच मला कळलं. मी दोनदा दाबलं, ते पुन्हा घट्ट झालं. मी थांबलो नाही. दोरीपलीकडे भाऊ उभा होता.

आठव्या फेरीत बाभळींजवळच्या वळणावर पाय टाकला आणि पायडल फळीपर्यंत गेलं. खाली काहीच नव्हतं. पायरी चुकल्यासारखं.

मिस्त्रीला "आता" म्हणायची वेळही मिळाली नाही. त्याने हात लांबवून हातब्रेक ओढला. मागची चाकं अडली, गाडी फिरली, मैदानाच्या कडेच्या मातीच्या बांधावर चढली आणि उलटली. मी बाहेर फेकला गेलो. ओठ फाटला, दुसरं काही नाही. मिस्त्री खाली राहिला. उजवा हात कोपरापासून गाडीच्या कडेखाली.

लोक गाडी उचलेपर्यंत मी त्याच्याजवळ गुडघ्यांवर होतो. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो म्हणाला, "हातब्रेक आधी ओढाले पाह्यजे होता म्या. उशीर केला."

तेवढ्यात लोकांनी गाडी उचलली.

त्याला इस्पितळात नेलं आणि मला तंबूत बसवलं. वर्कशॉपचा मालक आणि शर्यतीचा एक पंच ब्रेकचं तेल काढून काचेच्या पेल्यात घेऊन आले. पेल्यात ती रेघ होती. मालक मला म्हणाला, "हे एरंडेल नाही. किंवा स्पिरिट पाण्याचं आहे. मिसळलं कोणी?"

ओठावर फडकं दाबलेलं होतं. भाऊ माझ्या मागे उभा होता. मला आठवतं, मी त्या फडक्याआडून बोललो, म्हणजे माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"मिस्त्रीने."

त्या दिवशी संध्याकाळी त्याचा हात कापला.

मी इस्पितळात जाईपर्यंत मालक तिथे जाऊन आला होता. मला वाटलं, आता उघड होणार. मिस्त्री सांगेल की मिश्रण मी आणलं होतं. मी तेवढ्यासाठी तयार होऊन गेलो होतो. खरं तर तेच व्हावं असं मनातून वाटत होतं, म्हणजे मला बोलावं लागलं नसतं. मिस्त्री पांढऱ्या चादरीवर पडला होता. बायको पायाशी बसली होती. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "मालकाले म्या सांगितलं, माप माझं, मिस्त्री म्या, माझीच जिम्मेदारी. तुमाले म्याच धाडलं होतं ना आणाले. तुमचं नाव कायले घ्यायचं?"

मी मान खाली घातली.

"पण बाबूजी, एरंडेल फाटत नाई. म्या हजारदा केलं. मंग फाटलं कसं?"

बायको म्हणाली, "आता ते राहू द्या ना जी."

मालकाने त्याला काढलं. हात नसता गेला तरी काढलं असतं, असं तो उघड म्हणत होता, कारण साहेबलोक विचारू लागले होते. गावात मोटारी होत्या तरी किती? महिन्याभरात सगळ्या ड्रायव्हरांना माहीत झालं की ब्रेकचं तेल चुकवणारा मिस्त्री कोण. इंजिनाला काडी लावून कान देणाऱ्या त्या माणसाला कोणी चाक उतरवायलाही बोलावलं नाही. तो बायको आणि लहान मुलीला घेऊन पारशिवनीला परतला.

गाडी मी भंगारात घातली. वखारीत हिशेब लिहू लागलो. आईला मी काही सांगितलं नाही. ती मात्र सगळ्यांना सांगायची, "माझ्या पोरानं शनिवारी तेल आणलं नाई, म्हणून वाचला."

बारा वर्षांनी मी पारशिवनीला गेलो. तेव्हा स्वातंत्र्य येऊन गेलं होतं, मध्य प्रांत हे नावही कागदावरून पुसलं जात होतं. जंगलातल्या लाकडाच्या कामाने त्या बाजूला जाणं होतं, पण खोटं कशाला, मी सांगायला गेलो होतो. बाजाराच्या तोंडाशी मिस्त्री सायकली दुरुस्त करत होता. डाव्या हाताने. पान्याचं दुसरं टोक तो पायाच्या अंगठ्यात धरायचा. मला पाहून उठला आणि इतका आनंदला की मला तिथून पळावंसं वाटलं.

"अवं, बाहेर ये! नागपूरचे बाबूजी आले! शर्यतवाले!"

बायकोने चहा आणला. ती माझ्याशी बोलली नाही. मिस्त्री बोलत राहिला. गाडीचं काय झालं, कार्बुरेटर कोणी घेतलं, अंबाडीची दोरी सुटली होती का. मग खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"बाबूजी, बारा वर्स झाले. म्या इथं पुन्हा करून पाहिलं. एकदा नाई, वीस डाव. फाटतच नाई. तेव्हा कसं फाटलं? तेल्याकडचं एरंडेलच होतं ना?"

त्या प्रश्नासाठीच मी आलो होतो. त्याने दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. त्याच्या कोपरापाशी शिवलेली बाही पाहिली आणि मी म्हणालो, "हो."

"मंग स्पिरिटातच पाणी असंन."

"असेल."

तो खूप वेळ मान हलवत राहिला. "म्या नाक लावलं, पण जाळून पाहिलं नाई. जाळून पाहाले पाह्यजे होतं. मिस्त्री म्हणवतो अन् स्पिरिट जाळून पाहिलं नाई." शेवटी तो जवळजवळ समाधानाने म्हणाला, "चला, समजलं तरी." आपल्या चुकीचा पत्ता लागला म्हणून तो माझे आभार मानत होता.

मी आलो तसा परत आलो. पुन्हा गेलो नाही. काही वर्षांनी कळलं की तो वारला.

माझं मात्र सगळं झालं. लग्न, मुलं, रामदासपेठेत घर, त्या घरापुढे वेळोवेळी तीन-चार गाड्या. कोणत्याही गाडीचा ब्रेक मी एकदाच दाबत नाही. दोनदा दाबतो. माझी मुलं हसतात, त्यांना वाटतं म्हातारपण.

गेल्या उन्हाळ्यात पत्नी गेली. ती असेपर्यंत मी मनाला सांगायचो की तिला हे कळायला नको. ती गेल्यावर ते कारणही संपलं. एका शनिवारी मी दुकानात जाऊन एरंडेल आणलं, ओळखीच्या डॉक्टरांकडून चांगलं स्पिरिट मागून घेतलं, आणि बाटलीत अर्धं अर्धं ओतून एकदा हलवलं. ती बाटली महिनाभर खिडकीत ठेवली. रेघ आली नाही. रोज सकाळी उठून मी रेघ शोधत होतो. ती यावी असं वाटत होतं, हे सुद्धा लिहितो. आली असती तर मिस्त्रीचंही थोडं चुकलं असतं.

ती बाटली घेऊन मी मिस्त्रीच्या मुलीकडे गेलो. तीही आता साठीपुढची आहे, पारशिवनीतच असते. मी तिच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं, जवळजवळ जसं इथे लिहिलं तसंच. आईने हात धरल्याचं जरा जास्त सांगितलं. सांगताना मी रडलो. ती रडली नाही. माझं संपल्यावर तिने बाटली उचलली, जोराने हलवली आणि उंबऱ्यावरच्या उन्हात ठेवली. आम्ही दोघं पाहत बसलो. फेस निवला. बाटलीतून पलीकडची भिंत दिसत होती.

मी म्हणालो, "मला माफ कर, बाई."

"माफी मायाजवळ नाई," ती म्हणाली. "ज्याच्याजवळ होती त्याले तुमी स्पिरिटात पाणी होतं म्हणून सांगितलं. माया बापानं मरेपर्यंत कोण्या पोराले हे काम शिकवलं नाई. मायावाल्या धाकट्या भावाले त्यानं सायकलीलेही हात लावू देल्ला नाई. म्हणे, आपल्या हाताले भरवसा नाई."

तिने बाटली उन्हातून सावलीत सरकवली.

"अन् एक सांगू का? तुमच्या मायले मधात आणू नका. तिनं तेल आणू नको म्हटलं. बाटली हलव, असं नाई म्हटलं."

"नाही म्हटलं," मी म्हणालो.

"मंग तसं लिहा. मले सांगून काय होते? मले तं माहीतच होतं का माया बापाचं माप चुकत नाई. ज्याइनं ऐकलं, ज्याइनं त्याच्या हातून कामं काढून घेतले, त्याइले कळलं पाह्यजे."

"त्यांच्यातलं कोण उरलंय आता?"

"तुमी उरले ना."

तिने चहाचं विचारलं नाही. बाटली ठेवून घेतली.

घरी येऊन मी हे दोनदा लिहिलं. पहिल्या खेपेला आई पानापानावर होती. ती पानं फाडली. आई भोळी होती आणि तिने मुलासाठी जे मागायचं ते मागितलं. तेल्याने विचारायचं ते विचारलं. मिस्त्रीने माझ्यावर विश्वास ठेवला. दाराशी उभं राहून बाटली मी हलवली, तंबूत त्याचं नाव मी घेतलं, आणि पारशिवनीला त्याने तोंडावर विचारलं तेव्हा हो म्हणणाराही मीच.

त्याचं माप बरोबर होतं. अर्धं एरंडेल, अर्धं स्पिरिट. कधीच फाटत नाही.